भाईमामा, हाऊजी फिक्स नव्हती!

प्रिय भाईमामा,

उद्या सव्वीस जानेवारी, आपल्या बिल्डिंगची सत्यनारायणाची पूजा आहे, आणि संध्याकाळी हाऊजीचे आकडे मी बोलणार आहे. माइकवर. मी! दारात कुरिअरवाला आला तरी आईला पुढे करणारी मी! दुपारपासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीयेत. आईला सांगून सांगून झालं. ती म्हणते, "कळलं गं बाई, आता गप बस आणि त्या माळा ओव." पण मला हे तुलाच सांगायचं होतं ना! आणि तू गणपतीच्या आधीच कायमचा निघून गेलास. म्हणून लिहितेय.

मी नववीत शाळा सोडली तेव्हाचं आठवतं तुला? सरांनी फळ्यापाशी उभं केलेलं. गणित सोपंच होतं रे. पण सगळा वर्ग बघतोय म्हटल्यावर माझ्या तोंडून आकडाच फुटेना. कोणीतरी फिसकन हसलं. मग मी एक दिवस गेले नाही, मग दोन दिवस, मग बंदच केलं. आई रडली, ओरडली. तू मात्र वरच्या मजल्यावरून हाऊजीचा डबा घेऊन आलास आणि एक ते नव्वदचा तो बोर्ड माझ्यासमोर ठेवलास. "काय गो बाय, आकडे चावतत काय तुका?"

मी हसले. कितीतरी दिवसांनी.

मग तू म्हणालास, नवाच्या पाढ्यावर सोंगट्या ठेव. नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस... आणि मामा, त्या सोंगट्या तिरक्या जिन्यासारख्या उतरत गेल्या! मग अकराचा पाढा ठेवला, तर तो दुसऱ्या बाजूने उतरला! मला वाटलं, आता मध्ये कुठेतरी टक्कर होणार. पण नाही. चव्वेचाळीसला एक, शेजारी पंचेचाळीसला दुसरा, अगदी खांद्याला खांदा लावून एकमेकांना चुकवून निघून गेले. मी विचारलं, "हे भेटतच नाहीत?" तू सोंगट्यांकडे बघत राहिलास आणि बोललास, "भेटले असते गो नव्व्याण्णवाक. पण आपलो बोर्ड नव्वदाक संपता."

तेव्हापासून आकडे म्हणजे माझ्यासाठी तो बोर्डच. भाजी त्रेसष्टची झाली, शंभराची नोट दिली, की मी मनात त्रेसष्टवर बोट ठेवते. सात घरं पुढे सत्तर, मग तीन ओळी खाली शंभर. शेवटची ओळ बोर्डाबाहेरची, ती मनातली. सदतीस परत! भाजीवाला अजून बोटंच मोजत असतो. तोंडाने मी काही बोलत नाही, नुसता हात पुढे करते. पण मला माहीत असतं ना!

आणि तू माइक घेतलास की सगळी बिल्डिंग खाली उतरायची. "सव्वीस, झेंडावंदन!" "अठरा, आता लग्नाला चालेल, पण आईला विचारा!" "एकसष्ट, परबकाका रिटायर झाले तरी बिल्डिंगचा खजिना सोडत नाहीत!" परबकाका सगळ्यात मोठ्याने हसायचे. खरंच हसायचे रे ते. गेल्या वर्षीपर्यंत.

गेल्या वर्षीचं मला लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते. सव्वीस जानेवारीची सुट्टी, स्टेशनरीचं दुकान बंद, आणि पाहुणे धरून माणसं आली जास्त. तुझ्याकडे तिकिटांच्या दहा पट्ट्या होत्या. एका पट्टीत सहा तिकिटं, म्हणजे साठ. ती पुरेनात. नाक्यावरचा झेरॉक्सवाला तेवढा उघडा होता. तू एक पट्टी उचललीस आणि तिच्याच चार कॉपी काढून आणायला सांगितलंस. मी म्हटलं, "मामा, चालेल का रे?" तू म्हणालास, "तिकीट म्हणजे काय गो, कागदच मां तो!"

आणि नेमके त्याच पट्टीतल्या एका तिकिटाचे पंधराही आकडे सगळ्यांत आधी कापले गेले, फुल हाऊस! पाच जण एकदम ओरडले, "हाऊस!" पाचही तिकिटं सेम टू सेम. त्या पाचांत एक कोण, तर आई! ती कामावरून उशिरा आलेली, म्हणून तिच्या वाट्याला झेरॉक्स आलेली.

परबकाका उठून उभे राहिले. "काय रे भाई, मॅच फिक्सिंग काय? घरातलीच माणसं?"

आधी सगळे हसले. मग कोणीच हसेना. तू म्हणालास, "अहो, मी फक्त पिशवीत हात घातला!" पण पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "बहिणीला बरा लागला." तू माइक खाली ठेवलास. एक मेला, महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला तुला कोणी बोलावलं नाही. मी विचारलं तर म्हणालास, "घसो बसलो गो." आणि मला ते खरंच वाटलं! भांडला का नाहीस, मामा? एवढा मोठा आवाज तुझा, तो कुठे ठेवून दिलास?

आता पुढचं ऐक, हेच सांगायला बसलेय.

या वर्षी कमिटीने ठरवलं, हाऊजी नको, संगीत खुर्ची ठेवू. आईने जिन्यात ऐकलं आणि घरी येऊन दणादणा भाकरी थापायला बसली. मला इतका राग आला! मी माळ्यावरून तुझा डबा काढला. वाटलं, खरंच फिक्सिंग झालेलं का, हे एकदा आकड्यांनाच विचारू.

नवीन पट्ट्या आणल्या आणि बघत बसले. आणि मामा, एका पट्टीत एक ते नव्वद सगळे आकडे असतात, प्रत्येक बरोब्बर एकदा! एका तिकिटावर पंधरा, सहा पंधरे नव्वद! म्हणजे कुठलाही आकडा निघो, तुझ्या पट्टीत तो असणारच. तुला माहीत होतं हे? मला का नाही सांगितलंस?

पुढची मजा बघ. पूर्ण पट्टी ज्याच्याकडे आहे, त्याचा पंचविसाव्या आकड्यापर्यंत कुठल्यातरी तिकिटावर पाच आकडे कापून जल्दी पाच होणारच! का? सहाही तिकिटांवर चार-चारच कापले गेले असं धरलं तरी चोवीस झाले. पंचविसावा जाणार कुठे? कुठेतरी पाचवा म्हणून बसणारच ना! मी एकटीच घरात ओरडले. खालून आवाज आला, "काय झालं गं, पाल पडली काय?"

मग मी तुझ्या गोष्टीकडे वळले. वेगवेगळ्या पट्ट्या दहा. फुल हाऊस कुठल्याही पट्टीला लागू शकतं, सगळ्यांना सारखाच चान्स. झेरॉक्स काढलेली पट्टी त्यातली एक. म्हणजे दहा डावांत साधारण एकदा पाच जण एकदम ओरडणारच! कोणीही आकडे काढू दे. जादू नाही, चोरी नाही. आणि चोरी करायची असती तर तू आईला एकटीला फुल हाऊसचे तीनशे रुपये नसतेस का मिळवून दिले? पाच जणांत वाटून साठ-साठ करणारा चोर कधी कोणी बघितलाय?

हे मला समजलं, पण सांगणार कोणाला? मला तर बोलताच येत नाही.

म्हणून मी पोरांना जमवलं. तिसऱ्या मजल्यावरची सिद्धी आहे ना, सहावीतली, तोंडाचा पट्टा चालूच असतो तिचा. तिने चौदा पोरं गोळा केली. चौदा पोरं, चौदा पट्ट्या. दहा वेगळ्या आणि त्यातल्या एकीच्या चार झेरॉक्स, अगदी तुझ्यासारखं. सगळे जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. पोरांना सांगितलं, ओरडायचं मनापासून. ते तर सांगायलाच नको होतं!

दोन दिवस संध्याकाळी खेळलो. आठ डाव झाले. प्रत्येक वेळी एकच जण ओरडला. सिद्धी म्हणाली, "दीदी, तुझं गणित गंडलंय." माझी वाट लागली.

तिसऱ्या दिवशी दार उघडून परबकाका बाहेर आले. "काय बाजार मांडलाय? अभ्यास नाहीत तुम्हाला?"

मी भिंतीला चिकटले. सिद्धी म्हणाली, "काका, दीदी म्हणते भाईमामांनी फिक्सिंग नव्हतं केलं. दहात एकदा असं होतंच म्हणते."

"असं?" काकांनी चष्मा पुसला आणि वरच्या पायरीवर बसले. "मग दाखव."

नववा डाव, काही नाही. दहावा, काही नाही. अकरावाही गेला. काका म्हणाले, "झाले की तुझे दहा. आता?"

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. अगदी त्या वर्गासारखी. आणि मामा, माझ्या तोंडातून आवाज निघाला! बारीक निघाला, पण निघाला. "काका, दहात एक म्हणजे दहाव्याला हजेरी लावेल असं नसतं. नाणं दोनदा उडवलं की एकदा छापा पडलाच पाहिजे, असं असतं का? कधी दोन्ही काटे पडतात. कधी दोन्ही छापे. खूप वेळा उडवलं की मग हिशेब जुळत जातो."

काका म्हणाले, "मग मी काढतो आकडे. आण ती पिशवी." आणि बाही वर सारून बसले, जणू माझं पितळ आता उघडं पाडणार.

बाराव्या डावातही काही नाही. तेराव्यात काका आकडे काढतायत, पोरं खोडतायत. काकांनी एकोणसत्तर काढला, आणि पायऱ्यांवरून पाच पोरं एकदम किंचाळली. "हाऊऊऊस!"

पाचही तिकिटं सेम टू सेम!

सिद्धी उठली आणि बोट दाखवून ओरडली, "काकांनी फिक्सिंग केलं!" झालं! चौदाही पोरं नाचायला लागली. "फिक्सिंग! फिक्सिंग! परबकाका फिक्सिंग!" त्या पाचांत काकांचा नातूपण होता रे! "घरातलाच माणूस!" कोणीतरी ओरडलं, आणि जिना नुसता दणाणला.

काका लालबुंद. "अरे गप्प! मी फक्त पिशवीत हात घातला!"

बोलले आणि थांबले. हात पिशवीतच राहिला. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "भाई पण हेच बोललेला ना?"

मी मान डोलावली.

काकांनी पाचही तिकिटं एकावर एक ठेवली, परत वेगळी केली. मग म्हणाले, "कमिटीला मी सांगतो, हाऊजी ठेवू पूजेला. नवीन पट्ट्या मी आणतो, जास्तीच्या आणतो. आणि हे सगळं माइकवर मी सांगतो. चूक माझी होती."

मी म्हटलं, "मी सांगते."

कुठून आलं ते, मला माहीत नाही. आईला कळलं तेव्हा ती हातातलं काम टाकून माझ्याजवळ आली. मग डोळे पुसत म्हणाली, "मग आता सतरा नंबरचा फॉर्म पण भर. दहावी घरी बसून देता येते." घे! हिला संधीच पाहिजे असते. मी म्हटलं, बघू.

पण मामा, तुझ्यावर थोडी चिडलेय हं मी. नवाचा जिना, अकराचा जिना तुला दिसला, आणि एवढं साधं नाही दिसलं? एकाच पट्टीच्या चार कॉपी कशाला काढल्यास? चार वेगळ्या पट्ट्यांची एक-एक काढली असतीस, तर फार तर दोघं ओरडले असते. दोघं तर दर वर्षी ओरडतात! कोणी वळून बघितलंही नसतं. पैसेही तेवढेच लागले असते. घाई, दुसरं काय. तुझी ही घाईच वाईट.

तर आता शब्द देते. उद्या माइक हातात घेतला की पहिला आकडा काढायच्या आधी मी सगळ्यांना सांगणार, भाईमामाने चोरी केली नव्हती, त्याने झेरॉक्स चुकीची काढली होती. दोन्ही सांगणार. तुझी चूक झाकणार नाही, कारण चूक झाकली की मग चोरीचाच संशय राहतो. माझा आवाज थरथरेल, कोणीतरी फिसकन हसेलही. हसू दे. मी पुढचा आकडा काढणार, मग त्याच्या पुढचा, आणि फुल हाऊस लागेपर्यंत माइक खाली ठेवणार नाही.

तुझी भाची,
वैष्णवी
नाहूर