वावर मोहितला मिळणार नाही

मी, डॉ. कुमुदिनी वामनराव डाखोळे, वय एकाहत्तर, धंदा शेती, पूर्वी तूर पैदासकार, राहणार हुडकेश्वर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे डोके फिरले आहे असे माझे थोरले भाऊ चंपतराव गावभर सांगत आले आहेत, त्याला मात्र दाखला नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्रही कायद्याने चालते, हे मी माझ्या वकील गार्गी यांना आधीच विचारून घेतले. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बुटीबोरीजवळचे पाच एकर वावर. वडिलांच्या मिळकतीतला माझा हिस्सा. सातबारा माझ्या एकटीच्या नावे आहे, आणि तो कोणी आरतीच्या ताटात घालून दिलेला नाही. वडील गेले त्या वर्षी भाऊबीजेला दादाने साडी आणली आणि साडीखाली हक्कसोडपत्र. आमच्याकडे बहिणी असला कागद वाचत नाहीत. माहेर तुटू नये म्हणून सही करतात आणि नवी साडी नेसून सासरी जातात. मला सासर नव्हते आणि वाचता येत होते. मी सही केली नाही, वाटणी मागितली. तेव्हापासून त्या घरात मला पाण्याचा पेलाही नीट विचारत नाहीत.

हे वावर, विहिरीतल्या हिश्शासह, मी दिपाली लहानू शेंडे हिला देते. तिने कृषी पदविका केली आहे आणि नोकरी न शोधता ती माझ्यासोबत या वावरात राबली. ती खातेदार शेतकऱ्याची मुलगी आहे, तेव्हा तलाठ्याने नसत्या शंका काढू नयेत.

दादाचा मुलगा, माझा भाचा मोहित या वावराचा लेआउट पाडायचा म्हणतो. नकाशा छापूनही आणला होता. मधल्या रस्त्याला माझे नाव देणार होता, म्हणे. म्हणजे मी आयुष्यभर ज्या मातीत बसले तिच्यावर डांबर ओतायचे आणि वर माझी पाटी लावायची. नकाशा मी त्याच्यासमोर फाडला.

२. बियाणे. तूर मर रोगाने उभ्या उभ्या वाळते. न वाळणारे वाण काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. फूल उमलायच्या आत कळी चिमट्याने उघडायची, तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. शंभर कळ्या केल्या की पाच-दहा धरतात. वाण जाहीर झाले त्या समारंभात आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुखांनी ते मंचावरून स्वतःचे म्हणून सांगितले आणि मला पाहुण्यांना ओवाळायला उभे केले, कारण केंद्रात दुसरी बाई नव्हती. मी ताट त्यांच्याच हातात दिले आणि घरी आले. पुढे बढती मिळाली नाही. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी माझे कुठे लिहिले होते?

केंद्राने ते वाण नंतर सोडून दिले. शुद्ध बियाणे फक्त माझ्याकडे राहिले, वावरातल्या खोलीत, कडुलिंबाचा पाला घालून. त्या खोलीत दादाचा पंप असल्याने एक किल्ली त्यांच्याकडे असे. मी ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते तेव्हा मोहितचे लग्न निघाले आणि त्यांनी ती सगळी तूर डाळमिलमध्ये नेऊन भरडली. घरचीच तूर, विकत कशाला घ्यायची! पंगतीत वरणाची फार तारीफ झाली. मोहित माझ्यासाठी डबाही घेऊन आला. मी दोन घास खाल्ल्यावर त्याने कौतुकाने सांगितले की वरण तुझ्याच तुरीचे आहे. मी रडायला लागले तर म्हणाला, "आत्या, तूरच तं होती. बाजारातून दुसरी आणून देतो."

ते दोन घास मला अजून उतरले नाहीत.

दिपालीने त्या वर्षी मूठभर बियाणे घरामागे लावले होते आणि झाडांवर मच्छरदाण्या टाकल्या होत्या. तुरीला डास चावतात काय वं, म्हणून गाव हसले. डासांसाठी नाही, मधमाशीसाठी. तिने शेजारच्या तुरीचा पराग आणला की वाण बिघडते. त्या झाडांवरून आम्ही दोघींनी वाण पुन्हा उभे केले. ते आज या पाच एकरांत आहे, दुसरीकडे कुठेच नाही. वावर गेले की तूर गेली. बियाणे, भिंग, चिमटे आणि सगळ्या मच्छरदाण्या दिपालीच्या.

३. हुडकेश्वरचे घर खेड्यातून शेतीशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलींना भाडे न घेता राहायला द्यावे. बँकेतले पैसे त्याच घरासाठी. व्यवस्था गार्गी पाहतील.

४. चंपतराव यांना भाऊबीजेची ती साडी परत. घडी मोडलेली नाही. मोहितला काही नाही. त्याने खुशाल कोर्टात जावे.

५. साक्षीदार. हा मसुदा गार्गी वाचून दाखवत होत्या तेव्हा प्रयागवहिनी, म्हणजे चंपतरावांची पत्नी आणि मोहितची आई, मेथीची जुडी घेऊन आल्या. मी वाचन थांबवू दिले नाही. त्यांनी बसून सगळे ऐकले, मुलाबद्दलचेही, आणि मग सही कुठे करायची ते विचारले. मी म्हटले, वहिनी, घरी तुम्हाला जाच होईल.

"होऊ द्या," त्या म्हणाल्या. "माह्या भावानं कागद आणला तवा मी वाचलाच नाही, बाई."

गार्गींनी जागा दाखवून पूर्ण नाव, डाखोळे लावून, लिहायला सांगितले. वहिनींनी नाही म्हणून मान हलवली. "ज्या नावानं बापाचं वावर सोडून देल्लं, त्याच नावानं सही करतो." सासरचे नाव ओळखीपुरते गार्गींनी समासात लिहिले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

नागपूर, दिनांक ११ नोव्हेंबर २०२४

(सही) कुमुदिनी वामनराव डाखोळे

साक्षीदार:
(सही) अंकुश भैयाजी राखुंडे, शेजारी
(सही) प्रयाग गोविंदा बोंदरे