तनुजाच्या हळदीचा रंग

८ डिसेंबर, सोमवार

शेषेराव अल्बम परत घेऊन आले! देगलुरात तीस वर्षं स्टुडिओ चालवतोय, अल्बम परत येण्याची ही पहिली वेळ. त्यांच्या तनुजाच्या लग्नाचा. काउंटरवर आपटलाच. "जहांगीरभाई, पोरगी लगनातली हाय का दवाखान्यातली? हळद लावली का खडू?"

मी पान न् पान पाहिलं. हळद पिवळीधमक, चेहरे साफ. म्हणालो, रंग बरोबर आहेत. ते म्हणाले, "धाकटीचं लगन फेब्रुवारीत हाय. ह्ये दुरुस्त झालं तर तुम्ही, न्हाई तर उदगीरवाला."

उदगीरवाला! लोक माझ्याकडे येतात ते माझ्या नजरेसाठी. कॅमेरे काय, कुणीही विकत घेतो.

९ डिसेंबर

रईसाला अल्बम दाखवला. "निळं मारतंय," म्हणाली. बायकोसुद्धा फितूर! पण दोघांना दिसतंय म्हणजे घोळ छपाईत असणार. मला तो दिसत नाही, ते सोडा.

लातूरच्या लॅबला फोन लावला. "भाई, फाइल आली तशी छापली." म्हणे माझी फाइलच निळी! नाचता येईना अंगण वाकडं.

११ डिसेंबर

आमची अर्शिया परीक्षा देऊन नांदेडहून आली आहे. तिला प्रोफाइल समजावलं. फाइलीत रंग नसतात, नुसते आकडे असतात. पाच म्हणजे पाच शेर की पाच किलो, हे प्रोफाइल सांगतं. आपण किलो म्हणून पाठवलं आणि समोरच्यानं शेर धरलं, की रंगांची वाट लागते. आमच्या फाइलीला लॅबला लागतं तेच प्रोफाइल निघालं. "बघ, चोख!" म्हणालो. "हौ अब्बा," म्हणाली आणि तनुजाचा अल्बम चाळू लागली. शिकवलेलं पोरीला पटकन कळतं.

१४ डिसेंबर, रविवार

लातूरला जाऊन मन्मथकडून स्क्रीन तपासायचं यंत्र आणलं. त्याचाही स्टुडिओ आहे, पण मापात माझ्याहून काटेकोर माणूस. यंत्र स्क्रीनवर लटकवलं. ते एकेक रंग दाखवतं आणि स्वतःच मोजतं. निकाल — स्क्रीन उत्तम.

१५ डिसेंबर

कॅमेराही तपासला, ठीक. स्क्रीन ठीक. प्रोफाइल ठीक. लॅबही — मानावं लागेल — ठीक. मग राहिलं काय?

१६ डिसेंबर

"अब्बा, हळदीची रॉ फाइल उघडू या ना," अर्शिया म्हणाली.

रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं पाहिलेलं सगळं, कच्चं. आपण त्यावर कितीही रंग चढवा-उतरवा, मूळ फाइल तशीच राहते. प्रत्येक कार्यक्रमाचा पहिला फोटो मी, पुढं रंग जुळवायला, नवरीच्या हातात राखाडी कार्ड देऊन काढतो. हसणारी तनुजा, हातात कार्ड. अर्शियानं कार्डावर क्लिक करून रंग जुळवले आणि आकडे दाखवले. लाल, हिरवा, निळा — तिन्ही सारखे. तिन्ही सारखे म्हणजे राखाडी, तिथं वाद नाही. मीच तिला शिकवलंय हे.

"मग पिवळं का दिसतंय?" मी विचारलं.

"कुणाला?" ती हळूच म्हणाली.

मग तिनं त्याच फोटोची मी तयार केलेली फाइल उघडली. कार्डावरचा निळ्याचा आकडा बाकी दोघांच्या पार वर. चढवणारा मीच! भीती वाटली, खरंच भीती वाटली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलाय. डोळ्यातली काच पिवळी पडत जाते, इतकी हळू की माणसाला कळतही नाही. म्हणजे मला जग पिवळं दिसायचं आणि मी ते पिवळं मारायला निळा ओतायचो! आधी राग आला, मग हसू.

सोमवारी उजव्याचं ऑपरेशन. होईल ठीक! रॉ फाइली शाबूत आहेत. नुसत्या जेपीईजी असत्या तर शिजलेल्या भातातून तांदूळ काढायची वेळ आली असती.

६ जानेवारी, मंगळवार

उजव्या डोळ्यानं रुमाल पांढराशुभ्र. डाव्यानं बघितला की चहा सांडल्यासारखा. दिवसभर एकेक डोळा झाकून घरातल्या वस्तू पाहत होतो. रईसा वैतागली.

तनुजाचा अल्बम रॉपासून नव्यानं केला, परवा छापून आला. आज शेषेराव हळदीच्या पानावर थांबले, बोट फिरवलं. "आता कशी आमची तनी दिसून राहिली!" धाकटीचं लग्नही मलाच दिलं. जाताना म्हणाले, "नजर ती नजर, भाई." मी मान डोलावली. का डोलावू नये? डॉक्टरनं काच बदलली, नजर माझीच आहे!

९ जानेवारी, शुक्रवार

गेल्या वर्षातली सगळी लग्नं गुपचूप दुरुस्त करून द्यायची ठरवलं. मुरुडची, अहमदपूरची, लॅबला गेलेल्या फाइली उघडल्या. सगळ्यांचे रंग बरोबर!

अर्शियाला विचारलं. "लॅबला फाइली नांदेडहून मीच पाठवायची ना, अब्बा. पाठवायच्या आधी नीट करायची. शेषेरावकाकांच्या टायमाला परीक्षेला होते, तुम्हीच पाठवल्या."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"लोक तुमच्या नजरेची तारीफ करायचे. तुम्ही लई खुश असायचे."