दोन प्याल्यांची थट्टा

राहुरी, नाताळानंतरचा शुक्रवार, १९४३

आज पाळकसाहेबांनी बोलावून सांगितले, "मास्तर, रविवारी मंडळीसमोर माफी मागा. प्रभुभोजनाची थट्टा केलीत." नाताळच्या फार्सात मी दाखवले ते एवढेच: आमच्या ख्रिस्ती देवळातला एक पंच ख्रिस्ती होण्याआधीच्या जातीवरून प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे दोन प्याले ठेवतो, चुकून दुसऱ्यातला घोट घेतो आणि अंगणभर चुळा भरत फिरतो. लोक पोट धरून हसले. आमच्याकडे हेच चालते, तेव्हा कोणाला थट्टा वाटत नाही. मी दाखवले की मात्र थट्टा.

पण म्हाताऱ्या सरूबाई खेळातून उठून गेल्या, ते दिवसभर डाचत होते. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

"त्या पंचाला हसा की, मास्तर. आमालाच तर मागं बसवत्यात," त्या म्हणाल्या. "पन मालक गेले तवा त्या प्याल्याच्या आधारावर जगले मी. त्येच्यातलं थुकलेलं बघवलं न्हाई."

लिहिताना मी नुसता पंचाकडे पाहत होतो. घोट कशाचा, हे सुचलेच कसे नाही?

त्यांची माफी मागितली. तिथूनच पाळकसाहेबांकडे जाऊन सांगितले, रविवारी मागणार नाही. त्यांनी माझ्याकडच्या मिशनशाळेच्या किल्ल्या ठेवून घेतल्या. फार थकलो आहे. सरूबाई रविवारी पुन्हा मागेच बसतील.