जीवनची जीप अन् माही जागा

चि. वामनरावास (टक्कल पडलं तवापासून तुले राव लावाच लागते), देवकाअक्काचे लय लय आशीर्वाद. नांदेडले सगळे बरे असान. तुहा गुडघा कसा हाय? तिळाचं तेल लाव, अन् सुनेची वाट पाहू नको, आपल्या हातानं लाव. इकडे कापूस वेचणं चालू हाय, म्हैस गाभण हाय, अन् मी काय सांगू बाप्पा, मी रोज फिरून राह्यली! फोनच केला असता, पण फोन जीवनच लावून देते अन् बाजूले बसून सगळं ऐकते. म्हणून हे कागदावर. (शाळा दुसरीपर्यंतच, चुकलं माकलं समजून घे.)

तर आपल्या जीवननं, माह्या नातवानं, जीप उंच केली. चांगली चालणारी गाडी, तिच्याखाली लांब लांब स्प्रिंगा टाकून पार मचाण करून टाकली. काऊन रे, म्हटलं, तर म्हणते, आजी, दगडधोंड्यातून जाते. (आपल्या रस्त्याले दुसरं हाय काय!) मले चढायले तिवई लागते, लुगडं सावरू का दांडी धरू? पण थोड्याच दिवसात जीप डाव्या अंगानं बसली, खांदा सुजलेल्या बैलावानी. पोराचं तोंड उतरलं, अर्ध्या भाकरीवर उठू लागला.

मग गेलो नेरडीगोंड्याले, खुशाल मिस्त्रीकडे. मी संगं डबा घेऊन. त्यानं आधी चाकायची हवा पाह्यली, सारखी होती. मग सपाट फरशीवर रिकामी गाडी उभी करून, चाकाच्या मधापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावला. (मले वाटलं झंपर शिवते का काय गाडीले.) डावी बाजू दोन बोटं खाली! मग त्यानं डावीकडची स्प्रिंग उजवीकडे टाकली अन् उजवीकडची डावीकडे. तर गाडी उजवीकडे कलली. खुशाल म्हणे, दुखणं स्प्रिंगीसंगं गेलं, म्हणजे गाडी धड हाय, स्प्रिंगच बसली. पण उजवीकडे चालवायले जीवन बसते, तशानं अजूनच कलली, म्हणून पुन्हा होती तशी बसवली. नवी येईपर्यंत करावं काय? खुशाल माह्याकडे पाहून म्हणे, आजीले उजवीकडे मांगं बसवून पाहा. मी बसली, अन् वामना, जीप तराजूवानी सरळ! जिंदगीभर माह्या अंगाले तुमी हसले, आता घ्या.

तवापासून जीवन मले घेतल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. नार्नूरचा बाजार झाला, शेजारच्या सुवर्णाच्या घरचं बारसं झालं. लग्नात तर वाढणाऱ्याले तोच सांगते, आजीले अजून बुंदी टाका, वजन उतरता कामा नये. एकादशीले मी उपाशी होती तर गाडी जराशी कलली, असं त्याचं म्हणणं. (मले पटत नाही, पण एकादशी सोडली.) त्याच्या पाठीमांगंच बसते, ब्रेक लागला का त्याच्या टकुऱ्यावर हात ठेवते. आता वसंतपंचमीले बासरले नेतो म्हणते. बासर इतकं जवळ, पण सरस्वतीचं तोंड मी पाह्यलं नाही. आधी लेकरं लहान, मग ढोरं, मग गाडीत जागा नाही. (दुसरीत शाळा सुटली ती उगीच नाही.)

तुही,
देवकाअक्का

ता. क. खरी गोष्ट तर राह्यलीच. नवी स्प्रिंग मागवली, अन् ती तुह्या पत्त्यावर येईल, असं जीवन सांगते, आमच्याकडे पार्सलवाला येत नाही. आली का दिवाणाखाली ढकल, वरून गोधडी टाक. इचारलं तर नाही आली म्हण. बासर तेवढं होऊ दे. गाडी सरळ झाली का माह्या जागेवर त्याचे दोस्त बसतीन, अन् मी ओट्यावर मिरच्या राखत.

अजून ता. क. अरे देवा! पत्ता लिहायले पत्र जीवनकडेच देलं मी. त्यानं उभ्याउभ्या सगळं वाचलं. मी मान खाली घालून मिरच्यायचे देठ खुडत बसली. तर म्हणते, "आजी, वामन आजोबायले दिवाणाखाली वाकायले नको लावू, गुडघा दुखते त्यायचा. स्प्रिंग मागवलीच कुठं म्या अजून?" अन् तिवई उचलून गाडीत टाकायले गेला. बासरले तुलेबी घेऊ म्हणते. ये, पण डावीकडे बसू नको.