बंबात घातलेली वाक्यं

सदतिसाव्या पानावर कात्री थांबवली आहे, सर, आणि हे लिहायला घेतलं आहे. समोर तुमच्या वहीची झेरॉक्स आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. वही आत्ता माळ्यावर सापडली. तुमची सून माहेरी तिरल्याला आली, तेव्हा वाटेत धारला ही झेरॉक्स माझ्याकडे देऊन गेली. "ताई, छापायच्या आधी काटछाट तुम्हीच करा. बाबा म्हणायचे, कात्री तुमच्याच हातात शोभते. माझं मराठी तर माहीतच आहे तुम्हाला, दोन पानं वाचली की सिर दुखतं." उद्या सकाळी देवासला परतताना ती पानं नेणार आहे.

कात्री तुम्हीच हातात दिली होती. कॉलेज सुटलं की मी देवासच्या टेकरीखालच्या तुमच्या घरी यायची, स्वयंपाकघराला लागून असलेल्या ओसरीत बसायची. तुमच्या रीती विचित्र होत्या. लिहिलेलं शेवटच्या वाक्यापासून उलट वाचायचं. मग चपला घालून, दारात उभं राहून वाचायचं. निघायच्या घाईतला माणूस जिथे वाचणं सोडेल तिथे खूण करायची. मग दूधवाल्याला ऐकवायचं. तो पीपलरावां गावचा, त्याला मराठी जेमतेम समजायचं. माझा परिच्छेद ऐकून कॅन उचलत तो तुम्हाला म्हणाला, "भिया, गाय तो कब की बांध दी, अब दूध कब निकालेगी?" तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही. आणि शेवटी, स्वतःला सगळ्यात आवडलेलं वाक्य कापून ती पट्टी तुमच्या तळहातावर ठेवायची. "हे वाक्य आरशात बघतंय," तुम्ही म्हणायचात. एकदा विचारलं, या पट्ट्यांचं करता काय? "बंबात घालतो. सकाळचं पाणी तापतं." चार वर्षं मी पट्ट्या देत राहिले. घरी जाऊन ती वाक्यं आठवायचीही नाहीत, असा नियम होता. तेवढा एकच मी पाळला नाही.

आज सवयीने तुमची वही शेवटून वाचायला घेतली. तिसरंच वाक्य माझं निघालं. 'उन्हाळ्यात विहीर स्वतःचाच तळ ऐकत बसते.' तुमच्या अक्षरात, खाडाखोड न करता. मग सापडतच गेली. सतरा. माझ्या आईच्या हातांवरचं वाक्य तुम्ही तुमच्या आईच्या हातांना लावलंत.

ही वाक्यं आपल्या दोघांनाच माहीत होती. सुनेला सांगितलं तर तिला पटेल, आणि तुमच्या फोटोला हार घालताना तिचा हात अडेल. न सांगता छापू दिलं तर माझ्या आईचे हात कायमचे तुमच्या आईचे होतील. माझं एकही पुस्तक झालं नाही, सर. प्रत्येक वेळी चांगलं वाक्य आलं की मी ते कापलं, आणि उरलेलं कुणाला दाखवावंसं वाटलं नाही.

सोळा कापून झाली होती, सतरावं आता कापलं. चपला घालून दारात उभी राहिले आणि तुमची पानं पुन्हा वाचली.

ती सुधारली आहेत. तुमची आई आता तिथे दिसते, तिच्या स्वतःच्या हातांनी तांदूळ निवडताना. म्हणजे ती वाक्यं कापायलाच हवी होती, हे तुम्ही मला खरं सांगितलं होतं. नुसतं फसवलं असतंत तर मला सोपं गेलं असतं. हे कबूल करायचं नव्हतं.

सकाळी तुमची सून आली. भोकं पडलेली पानं उजेडात धरून म्हणाली, "इतकं कापलंत? बाबांना चाललं असतं?" मी म्हटलं, त्यांनीच शिकवलं. चहा घेऊन ती साडेआठच्या बसने गेली. आमच्याकडे बंब नाही, गीझर आहे. पट्ट्या टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत, हे पत्रही तिथेच.