शपथ बाकी, पगार चालू

टाकानिनी, ऑकलंड
मंगळवार, १५ जुलै

इंद्रनील भावोजी,

नमस्कार. इकडे थंडी आणि मी, दोन्ही ठीक. सिडनीतली नवी नोकरी मानवली असेलच. खासदारकी आपण होऊन सोडणारा माणूस नाखूश कशाला असेल?

रविवारी ॲव्हनडेलच्या बाजारात तुमचा सुयश भेटला. "सूट शिवायला टाकलास म्हणे?" असं विचारलं, तर उड्या मारत इथल्या पोरांच्या भाषेत म्हणाला, "हीप्स एक्सायटेड, काकू!" मी त्याला मेथीची एक जुडी घेऊन दिली. बिचारं पोर.

राजीनाम्याआधी तुम्ही केलेला फोन आठवतोय ना? "वहिनी, मी जागा सोडली की ती पक्षाच्या यादीतल्या पुढच्या नावाला जाते. माझ्यामागे तुम्ही, तुमच्यामागे सुयश. तुम्ही नाही म्हणालात की जागा आपसूक त्याची. शिवाय शपथेपर्यंत पगार नसतो, तोवर काय खाल?" माझ्या पोटाची ही काळजी ऐकून मला गहिवरून आलं.

भावोजी, इतका पगार घेतलात, तो कधी सुरू होतो ते नाही हो वाचलंत? तुम्ही निवडणुकीतून आलात, तुमचा मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाला. यादीतून रिकामी जागा भरली, तर निवडणूक आयोग नाव जाहीर करतो त्या तारखेपासून. शपथ लागते ती सभागृहात बसायला आणि मत द्यायला.

मग घसा खाकरून म्हणालात, "आणि दादा गेल्यापासून तुमचंही मन कशात लागत नाही."

त्यावर मी एकच शब्द बोलले. "बघू."

तुम्ही पक्के मराठी. "बघू" म्हणजे "नाही" हे गृहीत धरून पुढच्याच आठवड्यात राजीनामा देऊन मोकळे!

त्या फोनच्या थोडं आधी पक्षाच्या समितीतल्या बाई एका कार्यक्रमात भेटल्या होत्या. फार हळुवारपणे विचारलं, "तुमचं ते शोकाचं वर्ष कसं गेलं?" मी म्हटलं, कसलं वर्ष? तेव्हा त्यांच्याकडून सगळं कळलं.

यशोधनची राख निवायच्या आत यादीचे क्रमांक लागले. मी तुमच्या वर होते. तुम्ही समितीपुढे हात जोडलेत, "आमच्यात विधवा वर्षभर चारचौघांत येत नाही." ती भली गोरी माणसं, आपल्या संस्कृतीचा मान राखायचा म्हणून माना खाली घालून त्यांनी मला तुमच्याखाली नेलं. आणि मला वाटत राहिलं, मीच कमी पडले. त्याच संध्याकाळी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून पिठलंभात खाल्लात. दोनदा वाढून घेतलात.

तुमचे वडील गेल्यावर तुमच्या आई पंधराव्या दिवशी शाळेत शिकवायला उभ्या होत्या. रीत म्हणे!

मी आयोगाला होकार कळवला. काल माझं नाव जाहीर झालं. सुयशला तुम्हीच सांगा, वडिलांचा मान आहे तो.

पहिल्या भाषणात नव्या खासदाराने आपण इथवर कसे आलो ते सांगायचं असतं. मी सगळं सांगणार आहे, इंग्रजीत, म्हणजे सुयशलाही नीट कळेल. ते कायम नोंदीत राहतं. तुमचं नाव घेणार नाही. "माझे दीर" म्हटलं की पुरे, मला एकच आहे.

थोरल्या वहिनीने पत्राच्या शेवटी धाकट्या दिराला आशीर्वाद लिहावा, ही आपल्यातली खरी रीत. ती आज मोडते.

निवेदिता