निवांत खोली

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा खोटं बोलले. कॉफी नेली तर जांभईवाल्या साहेबांनी विचारलं, "मुलगी कितवीला?" मी म्हटलं, दुसरीला. ते म्हणाले, "अरे वा, अभ्यास करते का?" मी म्हटलं, हो, हुशार आहे.

माझ्या चिमणीला अजून धड बसता येत नाही. उशी लावून बसवलं तरी कलंडते.

मावशींनीच शिकवलं होतं. आम्हा साफसफाईवाल्यांवर त्या सुपरवायझर आहेत. कामाला लावतानाच म्हणाल्या, "अंगावरचं मूल आहे असं कुठे बोलायचं नाही. आधीची बाई बोलली, मूल आजारी पडलं म्हणून दोनदा लवकर गेली, तिसऱ्यांदा आलीच नाही. म्हणजे येऊ दिलीच नाही. विचारलं तर मोठं आहे सांग." म्हणून दुसरी. आता दरवर्षी वर्ग लक्षात ठेवावा लागणार!

५ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांच्या कामाचं आजही काही नाही. सकाळी जातात, संध्याकाळी येतात, आणि मी विचारायच्या आधीच मान हलवतात. मी विचारणं सोडलंय. माझी नोकरी गेली तर काय, हा विचार मी मनात आणत नाही. तरी येतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

आमच्या ऑफिसात काय बनतं ते आज मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही. सल्ला देतात. दुसऱ्या कंपन्यांना सांगतात, तुम्ही कसं चालवा." मी म्हटलं, आणि त्यांना कोण सांगतं? मावशी म्हणाल्या, "तू फरशी पूस."

इथे कुणी कुणावर ओरडत नाही, हे खरं. ओरडायच्या जागी फीडबॅक देतात. मलाही मिळाला. "कॉफी छान असते, पण अजून छान होऊ शकते." मी विचारलं, साखर कमी करू का जास्त? तर म्हणाले, "ते तू स्वतः शोधायला हवं." आता रोज वेगवेगळी करते. रोज छान म्हणतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

निवांत खोलीबद्दल लिहून ठेवते. ती नसती तर मी दुसऱ्याच दिवशी काम सोडलं असतं.

कॉरिडॉरच्या टोकाला आहे. मऊ गादी, मंद दिवा, एक झाड – खोटं, पण मी पुसते म्हणून खरं वाटतं. दारावर लिहिलंय, थकलात? या, बसा. सगळे त्या खोलीचं फार कौतुक करतात. पाहुणा आला की आधी ती दाखवतात. आणि आत कुणीसुद्धा जात नाही! जो जाईल तो थकला असा अर्थ होईल ना. गादीवर साधी सुरकुती पडलेली मी कधी बघितली नाही.

मग मी जाते. सकाळी एकदा, दुपारी एकदा. झाडू आणि फडकं घेऊन जायचं, कडी लावायची, दूध काढायचं, बाटली फडक्यात गुंडाळायची, बाहेर. चिमणीला बाहेरचं दूध पचत नाही, सगळं उलटून टाकते. डॉक्टर म्हणाले, तुमचंच द्या. दुसऱ्या दिवशी सासूबाई चमच्याने पाजतात.

बाटली पॅन्ट्रीच्या फ्रिजमध्ये, माझ्या डब्यात, अगदी मागे. कॉफीच्या दुधापासून लांब. देवा!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मेले मी आज.

शुक्रवारी सगळे हॉलमध्ये उभे राहून टाळ्या वाजवतात. मोठे साहेब म्हणतात, "आपण एक कुटुंब आहोत." आमच्या कुटुंबात हे दर आठवड्याला सांगावं लागत नाही. मी पाण्याचा ट्रे घेऊन मागे उभी होते.

चष्मेवाल्या मॅडम पुढे आल्या. माणसांचं सगळं त्याच बघतात, कोण आलं, कोण गेलं, कोण खूश. भिंतीवर चित्र पडलं – आधी बुटक्या, मग एकदम उंच काठ्या. मॅडम म्हणाल्या, निवांत खोलीचा वापर फार वाढलाय. छतात एक बारका डोळा आहे म्हणे, आत कुणी गेलं की मोजतो. नुसतं मोजतो, बघत नाही, असं दोनदा सांगितलं. मला एकदाही पटलं नाही.

त्या काठ्या म्हणजे मी!

मोठे साहेब खूश. "कोण कोण जातं? लाजू नका, हात वर करा." कुणाचाच हात नाही. साहेब म्हणाले, "स्वतःची काळजी घेणारी माणसंच पुढे जातात." जांभईवाल्यांचा हात वर झाला. मग शेजारचा. मग सगळा हॉल. माझ्या हातात ट्रे होता म्हणून, नाहीतर भीतीने माझाही गेला असता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खोलीत जागा नाही. आत तिघं. दार मुद्दाम अर्धं उघडं, साहेब त्याच वाटेने जातात म्हणून. गादीवर आडवे, मांडीवर लॅपटॉप, काम चालूच! एक तर आडवा पडून फोनवर कुणाला तरी झापत होता. म्हणजे फीडबॅक देत होता.

मी फडकं घेऊन तीनदा गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "अहो, इथे स्वच्छ आहे."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बादल्यांच्या खोलीला कडी नाही. बाथरूममध्ये मावशी हाका मारतात. ब्लाउज भिजला, वर ॲप्रन घट्ट बांधला. बाटली अर्धीसुद्धा भरली नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

छातीत गाठ आली. दगडासारखी. अंगात ताप. सासूबाईंनी गरम फडक्याने शेकलं. मी ओरडले तर म्हणाल्या, "ओरड. तिथे ओरडायची सोय नाही ना." मग म्हणाल्या, "एवढी शिकलेली माणसं, आणि एका बाईला दार लावून बसायला कोपरा नाही?" मी म्हटलं, आई, कोपरा आहे, त्यात ते निवांत बसलेत.

चिमणी दिवसभर किरकिर करत होती म्हणे. चमचा दिसला की तोंड उघडायची, आणि चमच्यात काही नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज काय झालं मला, कळत नाही. दुखणं डोक्यात गेलं असेल.

दार वाजवलं. आत चौघं, त्यात जांभईवाले. मी म्हटलं, "साहेब, जरा बाहेर या. मला बाळाचं दूध काढायचंय."

एकाने लॅपटॉप मिटला. मग जांभईवाले म्हणाले, "ती... दुसरीतली?"

मी म्हटलं, हो, तीच.

चौघंही उठले. एकाचा चार्जर भिंतीलाच राहिला. कडी लावली, बसले. आता गेली नोकरी. तरी आधी बाटली भरली. भरूनच बाहेर आले.

मावशींना घरी जाताना सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुला जीभ दिलीय ती खायला!"

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. शनिवार-रविवार कसे काढू?

१० मार्च, सोमवार

चष्मेवाल्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. बस म्हणाल्या. मी उभीच राहिले.

"खोलीत कधीपासून जातेस?"

"कामाला लागल्यापासून, मॅडम."

"रोज?"

"दोनदा."

त्या लॅपटॉपकडे बघत राहिल्या. तिथे त्याच काठ्या होत्या. "आणि बाकी कुणी?"

आता खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. म्हटलं, आधी कुणीच नाही. गादी मीच झटकते, मला माहीत असतं.

मॅडमनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम लहान दिसतात, माझ्याएवढ्याच. म्हणाल्या, "हे एका मोठ्या कंपनीला पाठवलंय. खोली केली आणि माणसं निवांत झाली, असं. ते आता अशा चाळीस खोल्या बांधतायत." चष्मा पुसत राहिल्या. मग – "हे कुणाला बोललीस?"

तेव्हा मला कळलं, ही बाई मला घाबरलीय! मला!! जन्मात मला कुणी घाबरलेलं नाही. आमची चिमणीपण घाबरत नाही.

मी म्हटलं, नाही बोलले. तुम्हीपण माझ्या बाळाचं वरती बोलू नका.

त्या म्हणाल्या, "त्या चौघांचं मी बघते. नोकरीचंही बघते. तू फक्त जात राहा. रोज, दोनदा. मध्ये खंड नको."

म्हणजे आता तो माझ्या कामाचाच भाग. बाहेर आले आणि पॅन्ट्रीत उभी राहून हसले. मग कप धुतले.

१४ मार्च, शुक्रवार

मोठ्या साहेबांनी आज जिन्याचं कौतुक केलं. लिफ्ट सोडून जिन्याने येणारी माणसं पुढे जातात म्हणे. दुपारपासून सगळे जिन्यात, धापा टाकत, हसत. निवांत खोली रिकामी.

मी आणि मॅडमनी एकमेकींकडे बघितलं नाही. मुद्दाम.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी थोडंसं. दुपारी त्याहून थोडं.

सासूबाई म्हणतात, "तापाने आटवलं. गेलेलं परत येत नाही, लावून धरू नकोस." डॉक्टरांनी डब्यातलं एक वेगळं दूध दिलंय. भीत भीत पाजलं. पूर्ण वेळ फडकं हातात धरून बसले होते. चिमणीने उलटलं नाही. ढेकर देऊन झोपली.

बरं वाटलं. वाईटपण वाटलं. कुठलं जास्त, ते ठरेना.

२४ मार्च, सोमवार

चिमणी तोंड फिरवते आता. माझ्याकडे बघून हसते, आणि तोंड फिरवते. मॅडमना सांगितलं, आता मला खोलीत जायचं काही काम उरलं नाही. त्या म्हणाल्या, "तरी जाऊन बस."

गेले. कडी लावली. बाटली नाही, फडकं नाही. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. आडवी झाले, आणि जे रडू आलं ते थांबेचना.

तोंड पुसून दार उघडलं तर बाहेर मॅडम उभ्या. चष्मा हातात, डोळे लाल. हळूच म्हणाल्या, "तुझं झालं असेल तर मी आत जाऊ?"

थांबा म्हटलं. आत जाऊन उशी उलटी केली. एक बाजू ओली होती.